ओळखीआधीचे पाणी : ‘दशकुमारचरिता’तील सोबत्यांच्या विश्वासाविषयी

१

मराठीत अद्भुतकथेचा विचार बहुधा संभाव्यतेच्या अंगाने झालेला आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध वाचला, तेव्हापासून ‘हे घडणे शक्य आहे काय?’ हा प्रश्न आपल्या समीक्षेच्या पाठीस लागला आहे. राजवाड्यांच्या १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधातही अद्भुत आणि वास्तव यांचाच हिशेब प्रामुख्याने मांडलेला दिसतो. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांची वाङ्मयेतिहासातील जागाही मुख्यतः याच निकषावर ठरत आली. हा प्रश्न गैरलागू आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्याच्या वर्चस्वामुळे अद्भुतकथेतील दुसरा एक प्रश्न बाजूला पडला, आणि माझ्या मते तोच अधिक मूलभूत आहे. अद्भुतकथेतील माणसे अपरिचित प्रदेशातून जातात. तेथे राजाची आण चालत नाही आणि जो तो आपले नाव लपवून असतो. अशा ठिकाणी एकमेकांविषयी साशंक असलेली माणसे एकमेकांवर विश्वास ठेवू लागतात ती कशाच्या आधारावर? राक्षस खरा की खोटा यापेक्षा, राक्षसाकडे पाठ करून झोपताना पहारा कोणावर सोपवावा, ही अशा कथेतील खरी अडचण असते.

पाश्चात्त्य वाङ्मयात या अडचणीला अलीकडच्या काळात स्वतंत्र महत्त्व आलेले दिसते. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात परस्परांविषयी पिढ्यानपिढ्यांची अढी असलेल्या जमातींतील माणसे एकाच कामगिरीवर निघतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि एकमेकांना धड न ओळखणाऱ्या साहसवीरांची टोळी हा एक स्थिर साचाच होऊन बसला. या साच्याकडे परकी गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपल्या कथापरंपरेत तो फार जुना आहे, आणि त्याचा एक अत्यंत विचारप्रवर्तक आविष्कार विदर्भाच्या कथेत गुंफलेला आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वास, म्हणजे विश्रुताची कथा, हा तो आविष्कार होय. प्रस्तुत लेखात त्या उच्छ्वासातील विश्वासाची बांधणी तपासून पाहावयाची आहे.

२

वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी (मेघे) येथे राहून हा उच्छ्वास वाचणाऱ्याला त्यातील भूगोल केवळ पुस्तकी वाटत नाही. येथून जवळच धाम नदीच्या काठी पवनार आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने वसविलेले वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले होते. पुढे मनसरच्या उत्खननानंतर हा मान मनसरला द्यावा असे मत काही अभ्यासकांनी मांडले आणि तो वाद अद्याप चर्चेत आहे. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ (१९५७) या ग्रंथाचे कर्ते मिराशी यांनीच दंडीच्या आठव्या उच्छ्वासात वाकाटक सत्तेच्या अखेरच्या दिवसांची स्मृती दडलेली आहे असा सिद्धांत मांडला. कथेतील पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि त्याचा विलासी पुत्र अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा दुर्बल वारस, असा तो अन्वय आहे. अजिंठ्याच्या लेण्यांचा कालानुक्रम लावताना वॉल्टर स्पिंक यांनीही याच उच्छ्वासाचा आधार घेतला.

या अन्वयामुळे कथेला इतिहासाचे साधन म्हणून मोठी प्रतिष्ठा लाभली. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, वाचकाचे लक्ष कथेच्या आत सांगितलेल्या राजवृत्तावर खिळले आणि ते वृत्त कोण, कोठे, कोणाला आणि कोणत्या क्षणी सांगतो, याकडे दुर्लक्ष झाले. विदर्भाच्या विनाशाची हकीकत दरबारात सांगितली जात नाही. ती विंध्याच्या अरण्यात एका विहिरीजवळ, झाडाखाली बसून एक म्हातारा एका अनोळखी तरुणाला सांगतो. ही गोष्ट निवेदनाच्या सोयीसाठी केलेली क्षुल्लक योजना नव्हे. कथेचा सगळा नैतिक भार तिच्यावर आहे.

प्रथम ग्रंथाच्या घाटाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मगधाचा राजपुत्र राजवाहन आणि त्याचे नऊ सोबती लहानपणापासून एकत्र वाढलेले आहेत. दिग्विजयासाठी ते निघतात, त्यांची ताटातूट होते, पुन्हा भेट होते आणि प्रत्येकजण आपापले वृत्त सांगतो. ताटातुटीचे कारण पूर्वपीठिकेत येते. ही पूर्वपीठिका दंडीची नसून मागाहून जोडलेली आहे असे सामान्यतः मानले जाते. तीत राजवाहन मातंग नावाच्या एका अपरिचिताच्या मदतीसाठी, झोपलेल्या सोबत्यांना काही न सांगता, मध्यरात्री पाताळाच्या वाटेने निघून जातो, आणि त्याला शोधण्यासाठी बाकीचे दशदिशांना पांगतात. म्हणजे ज्या टोळीत विश्वास गृहीत धरलेला होता, ती पांगते एकाने इतरांना विश्वासात न घेतल्यामुळे! पुढे भेट झाल्यावर त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. बालमित्रांचा विश्वास जाब विचारीत नाही आणि म्हणूनच तो कथेला काही शिकवीतही नाही. विश्वासाची घडण पाहावयाची तर ही दहाजणांची टोळी सोडून, त्यांतील एकेकाला वाटेत भेटलेल्या माणसांकडे वळले पाहिजे.

३

विश्रुत विंध्याटवीत भटकत असताना त्याला एका विहिरीजवळ सुमारे आठ वर्षांचा एक मुलगा दिसतो. तो तहानेने आणि भुकेने व्याकूळ झालेला आहे. त्याला पाणी काढून देता देता त्याचा एकमेव आधार असलेला म्हातारा विहिरीत पडला आहे. मुलगा भीतीने अडखळत विश्रुताकडे मदत मागतो. विश्रुत एका वेलीच्या साहाय्याने म्हाताऱ्याला वर काढतो. मग कळकाच्या नळीने पाणी काढून मुलाला पाजतो. उंच लकुच वृक्षाच्या शेंड्यावरची पाच-सहा फळे दगड मारून पाडतो आणि त्याला खाऊ घालतो. मुलाच्या जिवात जीव आल्यावर तो झाडाखाली बसतो, आणि मग म्हाताऱ्याला विचारतो की हा मुलगा कोण, आपण कोण आणि ही आपत्ती कशी ओढवली?

या प्रसंगातील क्रियांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. याचना, उद्धार, पाणी, अन्न, बसणे आणि त्यानंतर प्रश्न. दंडीच्या गद्याचा लौकिक पदलालित्यासाठी आहे. पण येथे त्याने लालित्यापेक्षा क्रम सांभाळला आहे. ‘तू कोण?’ हा प्रश्न अखेरीस येतो. याचा अर्थ असा की, विश्रुताने जे काही केले ते समोरचा मुलगा विदर्भाचा वारस भास्करवर्मा आहे हे ठाऊक नसताना केले. त्याच्या साहाय्यामागे कसलाही हेतू असू शकत नाही, कारण हेतू धरण्यासाठी लागणारी माहितीच त्याच्यापाशी नाही. त्याचे अज्ञान हीच त्याच्या शुद्धतेची हमी ठरते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विश्वासाचे पहिले पाऊल विश्रुताने टाकलेले नाही. ते त्या मुलाने टाकलेले आहे. मारेकऱ्यांच्या भीतीने जो पळतो आहे, त्याने रानात दिसलेल्या धडधाकट परक्यासमोर तोंड उघडणे हे साहस आहे. तो मदत मागतो ती आपल्या तहानेसाठी नव्हे, तर आपल्यासाठी विहिरीत पडलेल्या सोबत्यासाठी. प्रॉपने १९२८ साली लोककथेच्या रूपविचारात दात्याचे जे कार्य सांगितले, त्यात दाता नायकाची परीक्षा पाहतो आणि ती पार पडल्यावर त्याला साधन देतो. येथे परीक्षा पाहण्याचा अवसर कोणालाच नाही. दाता नायकच आहे, आणि ज्याने परीक्षा पाहावयाची तो विहिरीत आहे. परीक्षेविना सुरू झालेला हा संबंध आहे, आणि तरीही तो कथेतील सर्वांत भरवशाचा संबंध ठरतो. असे का व्हावे, याचे उत्तर म्हातारा नालीजंघ जी हकीकत सांगतो तिच्यातच मिळते.

४

नालीजंघाच्या हकीकतीचा विषय वरवर पाहता राज्यनाश हा आहे. खोलात गेल्यास ती चुकीच्या माणसांवर ठेवलेल्या विश्वासाची हकीकत आहे. वृद्ध मंत्री वसुरक्षित अनंतवर्म्याला दंडनीतीचा अभ्यास करण्याचा उपदेश करतो. राजा तो ऐकून अंतःपुरात जातो, तेथे विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची यथेच्छ टवाळी करतो. राजनीतीचे शास्त्र शिकण्यातच आयुष्य कसे सरते, आणि ते शिकलेल्या राजाला दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सुख कसे नाही, याचे त्याने केलेले वर्णन संस्कृत गद्यातील उपरोधाचा उत्कृष्ट मासला आहे. वाचकालाही ते पटू लागते, आणि तेच त्यातील भय आहे. विहारभद्राला विश्वास मिळतो तो समोरच्याला जे ऐकावेसे वाटते तेच बोलण्याच्या बळावर.

त्याहून महत्त्वाचा आहे चंद्रपालित. हा अश्मकराज वसंतभानूच्या मंत्र्याचा मुलगा. बापाने हाकलून दिल्याचा बहाणा करून तो विदर्भात येतो, विहारभद्राला हाताशी धरून राजाच्या मर्जीत शिरतो, आणि शिकार, द्यूत, मद्य या प्रत्येक व्यसनाचे गुण शास्त्रोक्त पद्धतीने पटवून देतो. राज्य आतून पोखरले जाते. मग वनवासीचा राजा चालून येतो, मांडलिक उलटतात, अनंतवर्मा मारला जातो आणि लूट वाटून घेताना त्या मांडलिकांनाही आपसात झुंजवून वसंतभानू सगळेच गिळंकृत करतो. या विनाशाचे बीज कोठे आहे? एका निर्वासिताच्या करुण आत्मवृत्तात. चंद्रपालिताचे हत्यार त्याची कहाणी आहे, आणि ती खोटी आहे.

आता विहिरीकाठचा क्रम पुन्हा आठवावा. ज्या ग्रंथाचा सगळा घाट ‘प्रत्येकाने आपले वृत्त सांगावे’ या तत्त्वावर उभा आहे, त्याच ग्रंथात वृत्त सांगून विश्वास संपादणारा माणूस राज्य बुडवतो. दंडीला ही विसंगती ठाऊक असली पाहिजे. निदान त्याच्या संहितेला ती ठाऊक आहे. कहाणी बनावट असू शकते, हे एकदा मान्य केल्यावर कहाणीला विश्वासाचा पाया करता येत नाही. तिला विश्वासाच्या मागून यावे लागते. म्हणून आधी पाणी आणि मग कहाणी. नालीजंघ परक्याला जी हकीकत सांगतो ती विश्वास मिळविण्यासाठी नाही. मिळालेल्या विश्वासामुळे ती सांगता येते. चंद्रपालिताचा क्रम याच्या नेमका उलटा होता. आधी कहाणी, मग आश्रय, आणि कृती सर्वांत शेवटी.

यावर असा आक्षेप घेता येईल की, कहाणीप्रमाणे कृतीही बनावट असू शकते. कपटी माणूस पाणीही पाजील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे केवळ ‘कृती’ म्हणून भागत नाही, ‘ओळखीआधीची कृती’ असे म्हणावे लागते. चंद्रपालिताला अनंतवर्मा कोण हे पक्के ठाऊक होते. तेथून पुढचे त्याचे प्रत्येक सत्कृत्य संशयास्पदच ठरले असते. विश्रुताला मात्र काहीच ठाऊक नव्हते. कृतीचे मूल्य तिच्या आकारावर नसून ती कोणत्या क्षणी घडली यावर आहे.

५

आपल्या कथापरंपरेतील इतर दोन प्रतिमाने शेजारी ठेवली म्हणजे या योजनेचे वेगळेपण स्पष्ट होईल. ‘पंचतंत्रा’च्या दुसऱ्या तंत्रात लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराशी मैत्री करू पाहतो. उंदराने पारव्यांचे पाश तोडलेले त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून कावळ्याचा विश्वास बसलेला आहे. उंदराने मात्र कावळ्याचे काहीच पाहिलेले नाही. शिवाय कावळा भक्षक आणि तो भक्ष्य. तो बिळातूनच वाद घालतो आणि पुढे मैत्री मान्य करतो तीही एका मर्यादेने : बोलणे बिळाच्या तोंडाशी, आत पाऊल टाकावयाचे नाही. मग रोजची देवाणघेवाण सुरू होते, आणि कित्येक दिवसांनी सरोवरकाठी मंथरक कासवाच्या घरी उंदीर आपले पूर्वायुष्य सांगतो. हा कराराचा मार्ग आहे. त्यात संशयाला लाज वाटत नाही, उलट संशयाला घराची चौकट म्हणून मान मिळतो. येथेही आत्मवृत्त सर्वांत शेवटी येते, ही गोष्ट दंडीशी जुळणारी आहे.

दुसरे प्रतिमान रामायणातील बिभीषणाचे. शत्रूचा सख्खा भाऊ शरण येतो. सुग्रीवादिकांना शंका येते, मसलत होते, हनुमान अनुकूल मत देतो, आणि अखेर शरणागताला अभय देण्याचे आपले व्रत सांगून राम निर्णय करतो. हा प्रसंग प्रवरसेनाच्या ‘सेतुबंधा’तही येतो. मिराशींचे मत ग्राह्य धरले तर माहाराष्ट्री प्राकृतातील हे काव्य धाम नदीच्या काठच्या राजाचे आहे. या प्रतिमानात विश्वासाचा आधार येणाऱ्याच्या गुणात नाही, घेणाऱ्याच्या व्रतात आहे. बिभीषण खोटा निघाला असता तरी रामाचे व्रत खोटे ठरले नसते. हा उदात्त मार्ग होय. परंतु तो ज्याच्यापाशी सामर्थ्य आहे त्यालाच परवडणारा आहे. विहिरीकाठच्या म्हाताऱ्याला आणि मुलाला असे व्रत धरण्याची सोय नाही.

टॉल्किनच्या कथेतील एक प्रसंग या संदर्भात उद्बोधक आहे. लोथ्लोरियनच्या अरण्यात शिरताना तेथील पहारेकरी टोळीतील गिम्ली या खुज्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी असा आग्रह धरतात. तो अपमान मानतो. तेव्हा टोळीचा नायक ठरवितो की सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधावी. ज्याच्या जातभाईंचे ते अरण्य, त्या लेगोलासलाही मग आंधळ्यासारखे चालावे लागते, आणि त्याचा त्याला राग येतो. येथे विश्वास निर्माण होतो तो समान जोखमीतून. एकट्यावर लादलेला संशय टोळी फोडतो. सगळ्यांनी वाटून घेतलेला संशय टोळी बांधतो.

करार, व्रत, समान जोखीम आणि ओळखीआधीची कृती, असे चार मार्ग झाले. यांपैकी पहिल्या तिन्हींत माणसे एकमेकांची ओळख जाणून विश्वासाचा निर्णय करतात. दंडीने मात्र ओळखच पुढे ढकलली. हे त्याचे वैशिष्ट्य होय.

६

तथापि विश्रुताची कथा येथे थांबत नाही आणि दंडीच्या विचाराची खरी कसोटी पुढेच आहे. विहिरीकाठी अकृत्रिम साहाय्य करणारा हा तरुण पुढच्या सगळ्या कार्यात कपटाचा आश्रय घेतो. मुलाला वाघाने खाल्ल्याची वार्ता नालीजंघाकरवी पसरविली जाते. राणी वसुंधरेचा दीर मित्रवर्मा तिच्या अभिलाषेने आणि राज्यलोभाने मुलाच्या जिवावर उठलेला आहे; त्याला विषाच्या पाण्यात बुडविलेल्या माळेने मारले जाते आणि त्याचे श्रेय राणीच्या पातिव्रत्याला मिळते. विश्रुत आणि मुलगा कापालिकाच्या वेषात माहिष्मतीत येतात. प्रचंडवर्म्याचा खेळ चालू असताना वध होतो. अखेरीस दोघे विंध्यवासिनीच्या देवळात मूर्तीखालून प्रकट होतात, आणि देवीनेच हा आपला पुत्र म्हणून राखला, असे लोकांना सांगितले जाते. लोक विश्वास ठेवतात.

म्हणजे ज्या कथेने बनावट कहाणीने राज्य बुडाल्याचे दाखविले, तीच कथा बनावट चमत्काराने राज्य परत मिळविते. अद्भुताच्या दृष्टीने हा भाग मार्मिक आहे. तोदोरोव्हने १९७० साली अद्भुताची खूण म्हणून वाचकाची द्विधा सांगितली : घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक? येथे वाचक द्विधेत नाही, कारण त्याला कटात सामील करून घेतलेले आहे. अद्भुत प्रजेसाठी आहे. वाचकासाठी ते नेपथ्य आहे. आणि टोळी म्हणजे कोण, याची व्याख्याही येथेच होते. ज्यांना नेपथ्य ठाऊक आहे ती टोळी. नालीजंघाला ते सांगितले गेले, राणीला कळविले गेले. चंद्रपालिताच्या आणि विश्रुताच्या कपटात फरक कोणता, याचे दंडीने दिलेले उत्तर एवढेच दिसते की, चंद्रपालित ज्याच्या शेजारी बसत होता त्यालाच फसवीत होता, विश्रुत आपल्या शेजारच्याला फसवीत नाही. हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते. माहिष्मतीच्या लोकांनी कोणाचे काय बिघडविले होते?

या अपुरेपणाची जाणीव संहितेला आहे, असे मानण्यास आर्यकेतूच्या प्रसंगाने आधार मिळतो. राज्य हाती आल्यावर विश्रुताला मित्रवर्म्याचा मंत्री आर्यकेतू आपलासा करावयाचा आहे. तो नालीजंघाला त्याच्याकडे पाठवितो आणि स्वतःविषयी मुद्दाम वाईट बोलावयास लावतो : हा उपरा कोण, आमच्या राजपुत्राला गिळून बसलेला हा सर्प त्याला सोडील काय? आर्यकेतू त्या निंदेला भुलत नाही. विश्रुताच्या गुणांची पारख करून तो त्याची बाजू घेतो. एवढ्यावरही विश्रुत थांबत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील उपधांनी, म्हणजे धर्म, अर्थ, काम आणि भय यांचे आमिष किंवा धाक दाखवून घ्यावयाच्या परीक्षांनी, तो त्याला पुनःपुन्हा पारखून घेतो आणि मगच सल्लागार करतो. जो स्वतः परीक्षेविना विश्वासपात्र ठरला, तो सत्ता हाती येताच परीक्षेविना कोणावर विश्वास ठेवू शकत नाही. विहिरीकाठचा विश्वास सिंहासनापर्यंत नेता येत नाही, हे दंडी कोठेही सूत्ररूपाने सांगत नाही. पण दोन प्रसंग एकाच उच्छ्वासात ठेवून त्याने ते दाखविले आहे.

७

आता या योजनेची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. नालीजंघाची हकीकत संपल्यावर विश्रुत एक प्रश्न विचारतो : मुलाची आई कोणत्या कुळातली? उत्तरातून निष्पन्न होते की, तिचे आणि विश्रुताच्या पित्याचे मातामह एकच. हे कळल्यावर तो मुलाला प्रेमाने आलिंगन देतो, आणि अश्मकाचे उच्चाटन करण्याची प्रतिज्ञा त्यानंतर येते. पाणी कोणालाही, पण प्रतिज्ञा आप्तासाठी. साहाय्य आणि साहचर्य यांत दंडीने अशी रेषा ओढली आहे. कुळ जुळले नसते तर विश्रुत त्या दोघांना सोडून पुढे गेला असता काय? संहिता हा प्रश्न उपस्थित होऊ देत नाही, नाते हजर करून तो मिटविते.

आणि जेथे नाते हजर नाही तेथे काय होते, हेही लगेच दिसते. मुलाच्या भुकेची चिंता चालू असताना दोन हरणे धावत येतात आणि त्यांच्या मागून एक व्याध. त्याचे तीन बाण चुकले आहेत, दोन उरले आहेत. विश्रुत त्याच्या हातातले धनुष्य ओढून घेऊन दोन्ही हरणे टिपतो, एक व्याधाला देतो आणि दुसरे भाजून सगळ्यांची भूक भागवितो. याच व्याधाकडून त्याला माहिष्मतीची बातमी मिळते. मंजुवादिनीशी लग्न लावण्यासाठी प्रचंडवर्मा येणार आहे हे त्यानेच सांगितलेले असते. पुढचा सगळा बेत या माहितीवर उभा राहतो. पण व्याधाला नाव नाही. त्याला कोणी ‘आपण कोण?’ असे विचारीत नाही. बातमी देऊन तो संहितेतून नाहीसा होतो. टोळीला त्याचा उपयोग आहे, टोळीत त्याला जागा नाही.

विहीर, पाणी आणि ‘तू कोण?’ हा प्रश्न ही त्रयी महाराष्ट्रातील वाचकाला निरुपद्रवी वाटू शकत नाही. आपल्याकडे शतकानुशतके हा प्रश्न पाण्याच्या आधी विचारला गेला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो संघर्ष झाला, तो मुळात याच क्रमाविरुद्ध होता. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांना खुले झाले, त्याही घटनेचा अर्थ याच क्रमाच्या संदर्भात लावावा लागतो. दंडीला आधुनिक समतेचा उद्गाता ठरविण्याचा माझा हेतू नाही. कुळाचा प्रश्न त्याने टाळलेला नाही, फक्त थोडा उशिरा विचारला आहे. पण तेवढ्या उशिरात त्याने जे शक्य करून दाखविले ते मोलाचे आहे. प्रश्न आणि पाणी यांची अदलाबदल झाली की माणसांमध्ये काय उगवू शकते, याचे ते चित्र आहे.

मराठीतील आधुनिक अद्भुतकथेकडे या बाजूने पाहिले तर एक गोष्ट जाणवते. आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबरीत सज्जन आणि दुर्जन यांची वाटणी इतकी ठळक असते की, कोणावर विश्वास ठेवावा हा पेच पात्रांना पडला तरी वाचकाला पडत नाही. पुढे जी. ए. कुलकर्णी यांनी अद्भुताला तत्त्वचिंतनाची खोली दिली. पण ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांतील वाटचाल मूलतः एकट्याची आहे. नियतीसमोर उभा असलेला तो एकटा माणूस वाटेत भेटणाऱ्यांशी बोलतो, पण त्यांच्यासह चालत नाही. डॉन किखोते आणि सँको यांना घेऊन लिहिलेली ‘यात्रिक’ (‘पिंगळावेळ’, १९७७) ही कथा सोबतीची शक्यता निदान विचारात घेते, म्हणून ती वेगळी उठून दिसते. एका टोकाला ज्यांना संशय माहीत नाही असे सोबती आणि दुसऱ्या टोकाला ज्याला सोबती नाही असा संशयी, यांच्या मधली जागा मराठी अद्भुतकथेत बरीचशी मोकळी राहिली आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या एका उच्छ्वासात ती जागा दाखविलेली आहे.

मात्र ती भरावयाची तर दंडी जेथे थांबला तेथून सुरुवात करावी लागेल. विश्रुताची कथा अपुरीच राहिली आहे, तिचा शेवट इतरांच्या हातचा आहे, हे सर्वश्रुत आहे. माझ्या दृष्टीने तिचा दुसरा अपुरेपणा अधिक बोलका आहे. आपल्या वाट्याचे हरीण घेऊन तो व्याध रानात कोठे गेला, हे तिने सांगितलेले नाही.